स्टूलवाली

अपघात विभागात मोठ्या सिस्टरांची सव्वीस वर्षं गेली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांना एकाही रुग्णाने ताई म्हटलं नव्हतं. समोर सिस्टर म्हणत, मॅडम म्हणत, पाठीमागे हेडमास्तरीण म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. म्हाताऱ्या माणसाची शीर कोणालाच सापडेना की त्यांना बोलावणं यायचं. ताई म्हणवून घ्यायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. ती स्टूलवाली आली आणि ती गरज पडली.

पूर्वी गोळ्यांची, पावडरीची सवय लागलेलं माणूस आलं की त्याला शुद्धीवर आणायचं, चार शब्द सुनवायचे आणि घरी धाडायचं, अशीच रीत होती. महिन्याभराने तेच माणूस परत यायचं, किंवा कधीच यायचं नाही. आता वरून ठरलं होतं की उपचार इथेच, याच खाटेवर सुरू करायचा. जिभेखाली ठेवायची गोळी द्यायची, अंगाची तगमग आवरायची आणि दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळ हातात देऊनच सोडायचं. अशा रुग्णांशी बोलायला, स्वतः त्यातून गेलेली एक बाई नेमली होती.

चौतिशीची, काडीसारखी, अंगात सदा एक राखाडी स्वेटर. बोलायचं म्हणजे आधी प्लॅस्टिकचं स्टूल ओढायचं. नातेवाइकांना म्हणायचं, "जरा चहा घेऊन या ना, मलाही आणा." ते गेले की मान खाली घालून पुटपुटत बसायचं. पाच मिनिटांत रुग्ण तिला ताई म्हणायला लागायचा. पोलिसांनाही दाद न देणारा एक धटिंगण तर तिच्यापुढे लहान मुलासारखा रडला होता.

"ते स्टूल उचला," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "ट्रॉली अडते."

"हो सिस्टर." ती उचलायची. दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा तिथेच.

मोठ्या सिस्टरांच्या या पोटदुखीचं खरं कारण जुनं होतं. तीन वर्षांपूर्वी हीच बाई निळ्या पडलेल्या ओठांनी याच दारातून स्ट्रेचरवर आत आली होती. इंजेक्शनचा गुण येईपर्यंत तोंडावर धरलेला हवेचा रबरी फुगा दाबून दाबून हिला श्वास पुरवला तो मोठ्या सिस्टरांनी. दोन दिवस मनगट धरलं होतं. आणि गेल्या वर्षी रुग्णालयाच्या कार्यक्रमात हिने माईकसमोर आभार मानले ते डॉक्टरांचे, रखवालदाराचे, अगदी लिफ्टवाल्याचेसुद्धा. मोठ्या सिस्टर दुसऱ्या रांगेत ताठ बसल्या होत्या. आता नाव येईल, मग येईल. आलं नाही. बेशुद्ध माणसाला काय आठवणार, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

त्या दुपारी एक शिवणकाम करणारी बाई नवऱ्याबरोबर आली. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. दुखण्यावरच्या गोळ्या महिनाभर घ्यायच्या होत्या, त्या सुटल्याच नाहीत. बटणांच्या डब्यात लपवलेल्या गोळ्या नवऱ्याला सकाळी सापडल्या आणि तो तिला धरूनच घेऊन आला. बस चालवणारा माणूस, आवाज मोठा. बाई घामाने निथळत होती, जांभया देत होती, नाडी पळत होती.

मोठ्या सिस्टरांनी पाहिलं, स्टूलवाली औषधांच्या खिडकीपाशी उभी आहे.

"अहो, वरच्या मजल्यावरून कोरे फॉर्म घेऊन या."

"कपाटात आहेत ना सिस्टर, कालच—"

"ते कमी पडतील. जा."

ती गेली. मोठ्या सिस्टर खाटेपाशी उभ्या राहिल्या, कागद काढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. "काल संध्याकाळी."

"नक्की?"

"घेईलच कशी?" नवरा म्हणाला. "सकाळपासून माझ्या नजरेसमोर आहे!"

जिभेखालच्या गोळीचं एक आहे. आधीच्या गोळीचा अंमल ओसरला असेल तर ती जीव शांत करते. अंमल अंगात असतानाच दिली तर ती त्याला एका झटक्यात हुसकावून लावते, आणि मग माणसाचे जे हाल होतात ते पाहवत नाहीत. म्हणून तर तो कागद: एकेका लक्षणाला आकडा द्यायचा, बेरीज पुरेशी झाली तरच गोळी. मोठ्या सिस्टरांनी आकडे मांडले. घाम, जांभया, नाडी, सगळं जमत होतं. हातावर काटा मात्र नव्हता, डोळ्यांच्या बाहुल्याही फारशा मोठ्या नव्हत्या. तिथे त्यांचं पेन क्षणभर अडलं. मग त्यांनी मनाशी म्हटलं, जमतंय की. तरुण डॉक्टरीणबाई दुसऱ्या खाटेवर टाके घालत होत्या. त्यांनी मान वर करून एकच विचारलं, "सिस्टर, तुम्ही बघितलंय ना नीट?"

"बघितलंय."

"मग द्या."

अर्ध्या तासात बाई ओकायला लागली. पोटात गोळे, हातापायांची आदळआपट, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. तिने हाताला लावलेली सलाईन ओढून काढली. "मला घरी न्या! मला नको तुमचं औषध!"

"धडधाकट चालत आली होती!" नवरा ओरडला. "काय घातलंत तिच्या पोटात? चल गं, उठ."

डॉक्टरीणबाई धावत आल्या, उलटीचं इंजेक्शन दिलं. "हीच गोळी आणखी द्यावी लागेल, तरच उतरेल. पण ही तोंड उघडेल का?" बाईने दात घट्ट आवळले होते. ती अशीच गेली असती तर घरी जाऊन पहिलं काम काय केलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. उतारा म्हणून हातात येतील तेवढ्या गोळ्या. अशीच एक आदल्या महिन्यात गेली होती. ती परत आली नव्हती.

मोठ्या सिस्टरांच्या कपाटाच्या दाराला आतून देवाची एक लहानशी तसबीर चिकटवलेली होती. तिथवर जायला वेळ नव्हता. त्यांनी जिना चढता चढताच हात जोडले. देवा, चूक माझी आहे. बाईला थांबव. एवढं कर, मग त्या स्टूलवालीला सगळं जग ताई म्हणू दे. मीसुद्धा म्हणेन.

वरच्या कारकुनाने ताटकळत ठेवलेली स्टूलवाली आत्ता कुठे फॉर्मांचा गठ्ठा घेऊन उतरत होती.

"खाली चला. त्या शिवणकामवाल्या बाईला मी गोळी लवकर दिली. ती खोटं बोलली, कारण मी नवऱ्यासमोर विचारलं. आणि तुम्हाला मुद्दाम वर पाठवलं होतं."

स्टूलवालीने गठ्ठा तिथेच पायरीवर ठेवला. आणि पळत सुटली.

स्टूल खाटेपाशी आलं. "दादा, चहा घेऊन या. साखर जास्त घाला, मला लागते." नवरा बघतच राहिला, पण गेला. मग ती वाकली. "मलाही अशीच मिळाली होती एकदा, लवकर. वाटलं, मेले. तुम्ही मरत नाही आहात. शेवटची कधी घेतलीत? मी दादांना सांगणार नाही."

दातांतून आवाज आला. "इथल्याच बाथरूममध्ये... दोन. ब्लाउजच्या अस्तरात शिवल्या होत्या."

"शिवणारीला कोण पकडणार!" स्टूलवाली म्हणाली. त्या तसल्या हालातही बाईच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं. तोंड उघडलं, त्याच वेळी मोठ्या सिस्टरांनी गोळी जिभेखाली ठेवली.

दीड तासाने हातपाय शांत झाले. बाईने स्टूलवालीचं बोट धरलं. "ताई, उद्या त्या दवाखान्यात तुम्ही असाल ना?"

"असेन."

मोठ्या सिस्टर पलीकडे पत्रक भरत होत्या. झालेली चूक त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, आणि फॉर्म आणायला कोणाला का पाठवलं होतं तेही. डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि सही केली.

"सिस्टर, हे शेवटचं कशाला लिहिलंत?" स्टूलवालीने मागून वाचून विचारलं.

मोठ्या सिस्टरांच्या जिभेवर तीन वर्षांचं ओझं होतं. तुझ्या तोंडावर तो फुगा माझ्या हातात होता, एवढंच सांगायचं होतं. आता सांगितलं तर जुन्या उपकारावर आजची चूक वळती करून घेतल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते गिळलं. पण देवाला दिलेला शब्द राहिला होता, आणि ही पोर आपल्याहून अठरा वर्षांनी लहान! घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"ताई," त्या म्हणाल्या, "तेवढं स्टूल उचला. ट्रॉली अडते."