बेगलच्या रांगेतल्या मावशी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, हे सांगायला मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. बेगलच्या रांगेतल्या मावशींचे. आईवडिलांना मी यात धरत नाही; त्यांचं मोजायला बसलो तर दुसऱ्या कुणाचा नंबरच लागायचा नाही. पण घराबाहेरच्या माणसांत मावशी पहिल्या. आणि रांगेपुरतं बोलायचं तर साऱ्या शिकागो परिसरात मावशींसारखं रांगेत उभं राहणारं दुसरं माणूस झालेलं नाही. इतर लोक रांगेत वेळ काढतात. मावशी रांगेत राज्य करायच्या. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात गुडघ्याखाली येणारा फुगीर कोट, त्याखालून डोकावणारा सुती साडीचा काठ आणि हातात औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली कापडी पिशवी. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला होता. त्यामुळे पुढचा माणूस कसा उभा आहे यावरून त्याची कंबर, त्याचे गुडघे आणि त्याचं बायकोशी कसं चाललंय हे त्या ओळखायच्या आणि त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्याला मोठ्यानं सांगायच्या.

त्यांची माझी भेट त्याच रांगेत झाली. मी नुकताच इथं शिकायला आलो होतो. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, शाळा नगरपालिकेची, घराण्यात पदवीला पोचलेला पहिला मुलगा मी. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर कुठल्याही दुकानात शिरताना मला आपण चुकून हेडमास्तरांच्या खोलीत शिरतोय असं वाटायचं. त्या रविवारी थंडी असह्य झाली म्हणून मी बसथांब्यासमोरच्या दुकानात घुसलो. आत काचेच्या पेटीत गुलाबी, सोनेरी, तपकिरी, धुरी दिलेले मासे आडवे पडलेले, मागं टोपल्यांत उकळून भाजलेले, मधे भोक असलेले गोल पाव, म्हणजे बेगल, आणि काउंटरपासून दारापर्यंत माणसं. परत बाहेर जाण्यापेक्षा रांग बरी म्हणून उभा राहिलो आणि फोनवर आईला सांगत होतो, "अगं, पावाचं दुकान आहे, पण मासेपण विकतात."

मागून आवाज आला, "मासे नाही म्हणायचं त्याला, नुसता धूर आहे. कुठला रे तू?"

मी वळून बघितलं. मराठी! मी गाव सांगितलं. माझा नंबर आला तेव्हा मी घाबरून पाटीवर दिसेल त्याकडे बोट दाखवणार, एवढ्यात मावशींनी माझं बोट धरून खाली केलं.

"आधी चव माग."

"मावशी, फुकट कसं मागायचं?"

"तोंडानं. देवानं दिलंय ना? माग."

मी मागितली. माझं इंग्रजी ऐकून मालकानं "काय?" केलं. मावशी म्हणाल्या, "परत. पोटातून." तिसऱ्या खेपेला माझा आवाज दारापर्यंत गेला आणि मालकानं कागदाएवढा पातळ सॅमनचा काप सुरीच्या टोकावरून माझ्या हातावर ठेवला. पुढचे कित्येक रविवार माझी ही शिकवणी चालली. तोवर मी वर्गात तोंड उघडत नव्हतो. सत्र संपलं की सामान बांधून गावी जायचं, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं. पण ज्यानं त्या रांगेसमोर उभं राहून "हा नको, जरा जाड काप" म्हटलंय, त्याला प्राध्यापकासमोर "मला हे कळलं नाही" म्हणायला काय लागतं? मी म्हणालो. मग पास झालो. पुढे जवळच शॉमबर्गला नोकरी लागली. पदवीदानाच्या फोटोत माझ्या शेजारी फुगीर कोट घालून उभ्या आहेत त्या मावशी.

त्या स्वतः कधी एका चवीवर थांबल्या नाहीत. तीन मासे चाखायच्या, तिन्हींना नावं ठेवायच्या आणि चौथाच घ्यायच्या. "लाजाळू मासा आहे हा. अंगाला मीठमिरची लागू देत नाही. जिताडा खाल्लायस का कधी? मग तुला काय सांगणार!" पिशवीत त्यांची स्टीलची डबी असे, तिच्यात हिरव्या मिरचीची आणि कोथिंबिरीची चटणी. दुकानात बाहेरचे पदार्थ खायचे नाहीत अशी ठळक पाटी होती. मावशी नेमक्या त्या पाटीखालच्या टेबलाशी बसून बेगलवरच्या चीजवर चटणीचा थर द्यायच्या. मालक पोलंडहून आलेल्या ज्यू आजोबांचं दुकान चालवणारा, कानावर पेन्सिल खोचलेला धिप्पाड गृहस्थ. त्यानं सहा महिने ते न पाहिल्यासारखं केलं. सातव्या महिन्यात तो येऊन म्हणाला, "नर्स, पाटी वाचता येत नाही का?" मावशींनी त्याच्या हातावर चटणीचं बोट ठेवलं. तो आत गेला, पाणी प्यायला, आणि पुढच्या रविवारी स्वतःचा बेगल घेऊन त्यांच्याच टेबलाशी बसला.

हा मालक त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं विचारलं होतं म्हणे, "तुम्ही लग्नानंतर ज्यू झालात का?" मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, अलिबागकडच्या. हा प्रश्न विचारून तो माणूस आयुष्यभराचा अडकला. "तुझे खापरपणजे पोलंडात कुडकुडत होते ना," मावशींनी त्याला सुनावलं, "त्याच्या कितीतरी आधी आमच्या लोकांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. आम्ही तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी बंद ठेवले. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तुझं दुकान शनिवारी चालू असतं. आता बोल, कोण नंतर झालं?" त्या दिवशी मालकानं काप जाड दिला, एवढंच.

मावशींचा शनिवार मी जवळून पाहिला, कारण दुसऱ्या सत्रापासून मी त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहायला गेलो. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी टेक्ससमध्ये अर्विंगला, घर मोठं. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार; त्या दिवशी मावशी दिव्याच्या बटणाला हात लावत नसत, आणि दुसऱ्याला "लाव" असं सांगणंही त्यांच्या नियमात बसत नसे. फक्त सुचवता येई. पहिल्या शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि मावशी म्हणाल्या, "खोलीत अंधार झालाय, नाही का रे?" मी म्हणालो, "हो मावशी, बर्फ पडेल असं वाटतंय." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला काही वाचता येत नाहीये बुवा." मी म्हणालो, "डोळ्यांना विश्रांती चांगलीच." असे आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत काळोखात समोरासमोर बसलो. आभाळात तीन तारे दिसायची वेळ होऊन शनिवार संपला, तशा मावशी ताडकन उठल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, "इंजिनियर झालास ना रे तू?"

पण मावशींचं खरं दुखणं वेगळंच होतं. दरवर्षी ऐन थंडीत त्यांच्या यजमानांच्या मृत्यूची तिथी येई. त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची असते आणि जुन्या वळणात तिला दहा ज्यू पुरुष हजर लागतात. ज्यूंच्या देवळात सहज जमले असते. पण यजमान सांगून गेले होते की माझ्या घरात म्हणा आणि मागाहून मलिदा वाटा. मलिदा म्हणजे गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, वर फळं. पूर्वी अलिबाग-पेणकडची सहा-सात घरं आसपास होती, तेव्हा अडत नसे. मग कुणी इस्रायलला गेलं, कुणी मुलांकडे, कुणी वृद्धाश्रमात. उरलेली माणसं मावशी रांगेतून भरू लागल्या. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर हे काम माझ्याकडे आलं.

रांगेतल्या अनोळखी माणसाला "तुम्ही ज्यू आहात का?" असं विचारणं सोपं नाही. एकजण चार पावलं मागं सरकला. मी एका टोपीवाल्याला मोठ्या आशेनं विचारलं, तर ती धर्माची नव्हे, बेसबॉलची टोपी निघाली. टेबलावरून मावशी मराठीत ओरडत असत, "टोपी काय बघतोस? बोलणं बघ! उत्तर द्यायच्या ऐवजी उलट प्रश्न विचारील तो आपला!" आणि खरोखरच पुढच्या माणसानं "का? तुला कशाला हवंय?" असं विचारलं, तो आला. एकदा एका मुलीनं मला अडवलं. "पुरुषच का? मी का नको?" मी मावशींकडे नेली. मावशींनी तिचा हात धरला. "तुझं बरोबर आहे, बाळ. पण आमचे हे जुन्या वळणाचे. वर गेले की त्यांना विचारते आणि तुला कळवते."

गेल्या वर्षी मात्र माणसं जमेनात. मावशींची मुलगी अर्विंगहून फोनवर रोज म्हणायची, "आई, धिस इज इनफ. घर विकून इकडे ये." मावशी ऐकून घ्यायच्या. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "ह्या खेपेला दहा झाले नाहीत तर मी जाणार रे. जिथं त्यांच्या नावानं दहा माणसं उभी राहत नाहीत, तिथं मी एकटी काय राखत बसू?" त्यानंतर मी रांगेत असा काही कामाला लागलो की मालक म्हणाला, "तू माझी गिऱ्हाइकं पळवशील." नऊ जणांनी शब्द दिला. दहाव्यानं बघतो म्हटलं.

तिथी रविवारी आली आणि आदल्या रात्रीपासून बर्फ कोसळत होतं. सकाळी फोन सुरू झाले. एकाची गाडी अडकलेली, एकाचा रस्ता बंद, एकानं नुसतंच कॅन्सल केलं. उरले दोन. मावशींनी कोट चढवला आणि म्हणाल्या, "चल, सांगितलेले मासे तरी घेऊन येऊ." दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तिथं बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत अडकलेली माणसं भिंतीला टेकून कॉफी पीत उभी होती. मालकानं मावशींचा चेहरा पाहिला.

"किती झाले, नर्स?"

"दोन. तेही येतील तेव्हा."

मालकानं सुरी खाली ठेवली, दुकानभर नजर फिरवली आणि ओठांतल्या ओठांत मोजलं. "इथंच करू."

"इथं? माशांच्या वासात?"

"तुझा नवरा समुद्राकाठचा होता ना? त्याला चालेल."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी तसाच धावत घरी गेलो आणि मलिद्याचं ताट कापडाखाली झाकून, छातीशी धरून, घोट्यापर्यंतच्या बर्फातून घेऊन आलो. येईपर्यंत मालक एप्रन काढून बाहेर आला होता, मासे कापणारा त्याचा भाऊ आला होता. उलट प्रश्न विचारणारे गृहस्थ होते, त्या थंडीतही अर्धी चड्डी घालून आलेला एक विद्यार्थी होता, एकमेकांशी न बोलणारे दोन म्हातारे भाऊ होते. भिंतीला टेकलेल्यांतले आणखी चौघं पुढं आले. दहा भरले. मालकानं गल्ल्याखालच्या खणातून छोटं प्रार्थनेचं पुस्तक काढलं.

"नाव सांग त्याचं."

नवऱ्याचा विषय निघाला की मावशी "आमचे हे" म्हणायच्या. चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही नाव त्यांनी घेतलेलं नव्हतं. बँकेत लिहून द्यायच्या.

"आमचे हे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"हे नाव नाही, नर्स."

मी पुटपुटलो, "मावशी, मी सांगू का?"

त्यांनी मान हलवली. कोटाची टोपी मागं सारून पदर डोक्यावर घेतला. आणि मग नाव, वडलांचं नाव आणि गाव, सगळं दुकानाच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात उच्चारलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ते जन्मात एकदाच घेतलं, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसत नाही.

कद्दीश झालं. मधे बाहेर बर्फाची गाडी येऊन रस्ता मोकळा करून गेली, पण जागचं कुणी हललं नाही. मग मी बेगलच्या कागदांवर मलिदा वाटला. मालक म्हणाला, "फार गोड आहे," आणि तिसऱ्यांदा घेतला. दोन म्हाताऱ्या भावांपैकी एकानं दुसऱ्याला "खोबरं आहे बहुतेक" असं सांगितलं. त्यांचं ते कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य होतं, असं मालकाकडून नंतर कळलं.

परतताना मावशी माझ्या दंडाला धरून चालत होत्या. मला आनंद मावत नव्हता. "झाले की नाही मावशी दहा! आता कुठं जायचं नाही."

"आता जाते," त्या म्हणाल्या.

"अहो, पण झाले की!"

"झाले म्हणूनच. मला वाटायचं, हे त्या घरातच आहेत. मी कुलूप घालून गेले तर आत अडकून पडतील. आज माशाच्या दुकानात आले की नाही? मग अर्विंगला यायला त्यांना काय झालंय?"

वसंतात घर विकलं गेलं. सामान चढवताना मावशी ट्रकवाल्याची कंबर कशी जपायची ते त्याला सांगत होत्या. मी अजून अधूनमधून त्या दुकानात जातो. काउंटरशी आवाज पोटातून लागतो, पण आपण उगीच मोठ्यानं बोलतोय असं वाटतं. मागं वळून बघतो तर सगळे आपापल्या फोनमध्ये. या थंडीत तिथी जवळ आली तेव्हा मी हे पत्र टाकलं.

तीर्थरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

तुमच्या मुलीनं फोनवर सांगितलं की तुम्ही तिथल्या देवळात, दवाखान्यात आणि भाजीच्या दुकानात मिळून आठ माणसं गाठलीत आणि दोघांची बोलणी चालू आहेत. होतील. माझ्या आईबाबांचा व्हिसा झाला. एप्रिलमध्ये येतील. आईला आधी तुम्हाला भेटायचंय, मग बाकीची अमेरिका.

मी तिथीच्या आदल्या दिवशी दुपारी विमानानं पोचतो. रजा मिळाली आहे. नारळ आणि गूळ तिथं मिळतो, पण पोहे जाड मिळतात असं तुम्ही म्हणाला होता, म्हणून पातळ पोहे इथून आणतो. दहांत माझी मोजणी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण नवं घर आहे, माणसं पहिल्यांदा येणार, त्यांना घंटा सापडणार नाही, कोट कुठं टांगायचा कळणार नाही. दाराशी कुणीतरी उभं हवं. तिथं मी उभा राहतो.

तुमचा,
वरच्या खोलीतला