लहर तुटते

दोन बोटांनी माशी हाकलावी, तसा तो आम्हाला हाकलायचा. "लहर तुटते. मागं व्हा." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

घनसावंगीकडच्या आमच्या दूध केंद्रावर तो कॉम्प्युटर सांभाळायचा. आधी वजनकाटा वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेला होता. उंदरांनी वायर कुरतडली, मग ब्लूटूथची डबी आली. पहिल्या दिवसापासून वजन काही पडद्यावर येईना. याचं कारण तयार: मधे माणसं उभी राहतात, ब्लूटूथची लहर तुटते. त्यानं काट्यापुढं चुन्याची रेघ मारली. रेघेमागं कोण, तर आम्ही बौद्ध वस्तीतल्या बाया. पाटलीणबाई मात्र काट्याला खेटून.

"का हो, त्यांच्यातून लहर आरपार जाते काय?" मी विचारलं.

"तुम्हाला टेक्निकल कळतं का, बाई?"

किटली ठेवायची नि मागं सरायचं. काट्यावरचा आकडा वाचून तो हातानं कॉम्प्युटरात टाकायचा. रेघेवरून तो आकडा दिसत नसे. माझ्या म्हशीचं दूध किती भरलं, ते मी त्याच्या तोंडून ऐकायचं! हे मला बिलकुल खपत नव्हतं.

डबा तो एकटाच खायचा, भिंतीकडं तोंड करून. कधी कीव यायची. त्याची ती दोन बोटं उठली की कीव जायची.

एक दिवस जालन्याहून मेकॅनिक आला. पडद्यात पाहून हसला. "साहेब, ब्लूटूथला दोन पोर्ट आहेत, एक इनकमिंग, एक आउटगोइंग. तुम्ही इनकमिंग धरलाय."

"वजन आत येतंय ना? मंग इनकमिंगच की!"

"न्हाई. कॉम्प्युटरनं आधी काट्याला हाक मारायची, मंग काटा बोलतो. आउटगोइंग घ्या."

"आन् मधी माणूस असलं तर?" मी मागून विचारलं.

"एवढ्याशा खोलीत? काही होत न्हाई, मावशी."

मेकॅनिकनं पोर्ट बदलला, नि मी रेघ ओलांडली. किटली ठेवली नि तिथंच उभी राहिले. काट्यावर आकडा आला, पडद्यावर तोच. कॉम्प्युटरवाल्याची बोटं उठली. "लहर..."

"आली की!" मी म्हणाले. बाया खदखदून हसल्या. त्यानं पावती माझ्या हातात दिली नाही, टेबलावर फेकली. शेवटपर्यंत फेकतच राहिला.

पुढं त्याची बदनापूरला बदली झाली. निरोपाला कुणी थांबलं नाही. चुना तर केव्हाच पुसला गेला. तरी आमच्यातल्या जुन्या बाया त्या जागी थबकतात, नि त्यांचं पाहून नव्या सुनाही. मी मागून एकेकीच्या पाठीला हात लावते.

"चल, बाई, पुढं. इथून आकडा दिसत न्हाई."