बाटलीत नसलेला ठिपका

आमच्या धाकट्यासारखी नजर त्या बाटल्यांच्या कारखान्यात कुणाची नव्हती, आणि यावर कुणी वाद घालायला येऊ नये. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या, मागे पांढरा दिवा, आणि हा स्टुलावर बसून केसाएवढी चीरही पकडायचा. सगळे त्याला चाळणी म्हणायचे.

एका सकाळी बाटल्यांत काळे ठिपके दिसायला लागले. हा धडाधड बाद करत सुटला. शेजारच्या स्टुलावरच्या मावशींनी त्यातली एक उचलली.

"चाळणीबुवा, ही तर स्वच्छ आहे. फिरवून बघा."

काचेतला ठिपका बाटलीबरोबर फिरतो. हा ठिपका फिरेना. त्यानं नजर छताकडे नेली, तर ठिपकेही छतावर. म्हणजे खोट डोळ्यातच. पण घर चालायचं ते याच नजरेवर, बोलायचं कसं? "झोप झाली नाही," म्हणाला आणि उजवा डोळा मिटून काम रेटलं.

संध्याकाळी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. त्यानं घरातला दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोनं उजवीकडून पाण्याचा ग्लास पुढे केला, तो याच्या कोपराला लागून सांडला.

"दिसला नाही?"

"त्या बाजूला सावली आहे जराशी."

"जराशी म्हणे. चपला घाला."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. "एखादा ठिपका वर्षानुवर्षं तरंगतो, त्याचं सहसा काही नसतं. पण एकदम पुष्कळ आले, कडेला चमकलं, सावली आली, की त्याच दिवशी यायचं. तुमचा आतला पडदा सुटायला लागलाय. मधला भाग अजून चिकटून आहे, म्हणून बारीक दिसतंय. तोही सुटला तर अशी नजर परत येईल, असं मी सांगू शकत नाही."

"पुढच्या आठवड्यात केलं तर? माल जायचाय."

"माल जाईल हो. डोळाही जाईल."

 तो बायकोला म्हणाला, "कारखान्यात फोन कर. खरं काय ते सांग."

ऑपरेशन झालं. पडदा दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, त्यामुळे मान खाली घालूनच राहायचं. एवढा हट्टी माणूस, पण सांगितलेलं मोडलं नाही. बुडबुडा विरल्यावर बाईंनी विचारलं, "आता कसं दिसतंय?"

"कडेला अंधुक आहे अजून." त्यानं डावा डोळा झाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या चष्म्याला चरा गेलाय. खाली, नाकाजवळ."

बाईंनी चष्मा काढून उजेडात धरला. चरा होता.