तिसरं वळण आणि माझा जेसीबी

मंडळी, आज लई दमलोय.

किकवीजवळच्या माळावर मोटारसायकल शर्यतीचा मातीचा ट्रॅक आहे. तिसऱ्या वळणावर दरवर्षी गाड्या बाहेर जायच्या, म्हणून ते नव्यानं करायला शर्यतवाल्यांनी माझा जेसीबी बोलावला. बाहेरची कड उंच ठेवा म्हणाले होते. पण माझा जन्म गेला भाताची खाचरं सपाट करण्यात. सवयीनं वळणही सपाट केलं, वर कडेला बांध घातला.

आज सकाळी धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं, ते तिथंच तुंबलं. पहिल्याच फेरीत चौघं घसरले. शर्यत थांबली.

शेजारचे तात्या म्हणाले, "पाणी लई झ्याक धरलंय! लावायचा का भात?"

दुपारभर उन्हात कड उंच केली. आता बरोबर झालं म्हणतात. माझ्या डोळ्यांना मात्र आत्ताच बिघडल्यासारखं दिसतंय. तुमचं होतं का असं?