दहावा शब्द

निघताना सून माधवी दोनदा म्हणाली, "मामंजी, चिठ्ठी तेवढी आठवणीनं द्या डॉक्टरना." सुबराव दोनदा "व्हय" म्हणाला. पिशवीत लसीची वही, सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी आणि कडेवर नात रक्षा, अशी वरात वडगावच्या गल्लीतून निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत सुबरावनं चिठ्ठी वाचूनही काढली. 'वीस महिने पूर्ण. अजून एकही शब्द बोलत नाही. ऐकू येते का, कृपया तपासावे.' 'कृपया' वाचून त्याला जरा बरं वाटलं. पण चिठ्ठीत नसलेलंही त्याला ठाऊक होतं.

माधवीची आई रविवारी निपाणीहून येणार होती. "माझ्याकडं सोड पोरीला," असं तिचं फोनवर महिनाभर चाललं होतं. "हितं घरात चार पोरं हायत, महिन्यात बोलाय लागंल. तिथं मागाच्या खडखडाटात काय शिकणार ती?" डॉक्टर म्हणतील तसं करू, असं माधवीनं सांगून ठेवलेलं. म्हणजे आज डॉक्टरांनी नुसती मान हलवली की रविवारी रक्षा निपाणीला, आणि घरात दिवसभर सुबराव आणि त्याचा माग. मुलगा रविराज फौंड्रीत, सून शाळेच्या ऑफिसात. दोघं सकाळी आठला जात ते दिवे लागताना येत.

चाळीस वर्षं यंत्रमाग चालवलेल्या माणसाचं एक असतं. तो घरात बोलत नाही आणि बाहेर हळू बोलत नाही. सुबराव कुणाच्या मयताला गेला तरी त्याचं "लई वाईट झालं" गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. घरात मात्र मागाच्या आवाजात शब्द टिकायचाच नाही, म्हणून सगळा संसार हातांनी झाला. दोन बोटं जुळवून झटक्यानं वेगळी केली की धागा तुटला. करंगळी गोल फिरवली की सुताची कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की चहा. खिडकीखाली बायको चंद्राबाई मशीनवर कांड्या भरायची. हा मागावरून खुणावायचा, ती तिथनं उत्तर द्यायची. भांडणंही तशीच व्हायची आणि त्यात सुबराव कायम हरायचा, कारण त्याचे हात मागात अडकलेले असत आणि तिचा एक तरी मोकळा असे.

रक्षा जन्मायच्या आधी तीन महिने चंद्राबाई गेली. आता पहाटे उठून कांड्याही तोच भरायचा. खिडकीखालची जागा तशीच होती. रक्षा त्याच्यासमोर, बाज एका अंगावर उभी करून केलेल्या कुंपणात, आपली आपण खेळायची.

दवाखान्यात सगळ्या बायकाच. शेजारची एक हळूच म्हणाली, "आज्जा, बाळाची आई न्हाय आली?"

"हापिसात हाय," सुबराव म्हणाला, आणि झोपलेली तीन पोरं दचकून उठली. त्यानंतर त्याला कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टर सौम्या कानडी बोलणाऱ्या. सुबराव त्यांच्याशी कानडीत सुरुवात करे आणि त्या त्याच्याशी मराठीत. आपण समोरच्यावर उपकार करतोय अशी दोघांचीही समजूत असल्यामुळे गेले वीस महिने हे सुखात चाललं होतं. वजन झालं, उंची झाली, टेप लावून डोकं मोजलं.

"छान. बाळ शब्द किती बोलतंय आता? दहा तरी यायला पाहिजेत."

"बोलती की थोडं थोडं," सुबरावनं ठोकून दिलं.

"आणि काही विचारायचं आहे?"

सुबरावचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. रक्षा टेबलावर बसून त्याच्याकडेच बघत होती. पोरीला खरंच ऐकू येत नसंल तर, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण लपवतोय ते कुणापासून, हे काही त्याला कळेना. त्यानं चिठ्ठी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. "सुनेनं दिलीया. मी विसरलो न्हवतो. देणार न्हवतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे बघितलं आणि रक्षाच्या मागं जाऊन खुळखुळा वाजवला. रक्षानं मान वळवली नाही. मग छोटी घंटा वाजवली. तरी नाही. डॉक्टरांच्या कपाळाला एक आठी पडली.

मग सुबरावलाच सुचलं. "डाक्टर, मागाच्या घरातली हाय ती. खुळखुळा म्हंजे तिला काहीच न्हाय. पिशवीत बिस्किटाचा पुडा हाय, त्यो जरा वाजवून बघा."

पुड्याचा कागद बारीकसा कुरकुरला आणि रक्षा कमरेपासून वळली. डाव्या बाजूनं वाजवला, डावीकडे. उजव्या बाजूनं, उजवीकडे. डॉक्टर हसायला लागल्या. "कान छान आहेत. तरी मोठ्या हॉस्पिटलात एकदा मशीनवर बघू."

एवढ्यात मोजायची टेप टेबलावरून घसरून लोंबायला लागली. रक्षानं सुबरावकडे बघत दोन बोटं जुळवली आणि झटकन वेगळी केली. सुबरावनं नकळत तळहात दाखवला, राहू दे. रक्षानं हात खाली घेतला.

"हे काय केलं दोघांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय. धागा तुटला म्हनली. म्या म्हटलं असू दे."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "अजून काय काय येतं तिला?"

मग चहा, कांडी, थांब, ये, जेवण, दारात कोण आलं, लाईट गेली, झोप, असं एकेक सुबराव करून दाखवत गेला आणि रक्षा त्याची खूण पुरी व्हायच्या आत ती करून मोकळी होत गेली. डॉक्टर बोटांवर मोजत होत्या. धाग्यासकट नऊ झाले. तेव्हा रक्षानं आपल्या मनानं डाव्या नाकपुडीवर बोट टेकवलं, दोनदा, आणि मान वाकडी करून वाट बघत राहिली.

"आणि हा? हा दहावा."

चंद्राबाईच्या डाव्या नाकपुडीत चमकी होती. तिला हाक मारायची म्हणजे तिथं बोट टेकवायचं, दोनदा, आणि तिनं वर बघेपर्यंत थांबायचं. ती गेल्यापासून ही खूण आपण टाकली, असं तो समजून चालला होता. पोरगी ती पुस्तकातनं तर शिकली नसणार.

"ते नाव हाय," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो हळू बोलला.

डॉक्टरांनी दहावं बोट मोजलं.

"निपाणीला आजोळी धाडायची का हिला? तिथं बोलणारी चार पोरं हायत." शेवटी त्यानंच विचारलं.

"बोलणारं माणूस पाहिजे, आज्जा. ते निपाणीत असू दे, वडगावात असू दे. शब्द तिच्याकडे आहेत, आवाज नाही. दुपारचा माग बंद ठेवाल तीन तास?"

"ठेवतो. काय बोलायचं पन?"

"काहीपण."

चिठ्ठीच्या मागं त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. मग इंजेक्शन झालं आणि रक्षानं जो सूर लावला, त्यानं आज्जाचं नाव राखलं.

घरी जेवणं झाल्यावर सुबरावनं माग बंदच ठेवला. भर दुपारी एवढं शांत घर त्यानं फक्त लाईट गेल्यावर बघितलं होतं. तो रक्षासमोर मांडी घालून बसला. "तर," तो म्हणाला, आणि सदऱ्यावरचं सूत झटकत राहिला. रक्षानं खिडकीखालच्या मशीनकडे बघितलं, नाकपुडीवर बोट टेकवलं आणि वाट बघत राहिली.

सुबरावनं हात उचलला आणि तो तसाच राहिला. हातांच्या बोलीत 'गेली' अशी खूणच नव्हती. चाळीस वर्षांत लागलीच नव्हती.

"न्हाय गं बाळ," तो म्हणाला. "ती न्हाय आता. चंद्राबाई. तुझी आज्जी." शांत खोलीत ते नाव केवढ्यानं तरी वाजलं. मग ती कशी होती ते त्यानं सांगितलं, मग त्यांची भांडणं सांगितली. रक्षा कधी झोपली ते त्याला कळलं नाही. तो बोलतच होता.

संध्याकाळी माधवी दारात थबकली. आत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. तिनं उंबऱ्यापाशी पाहुण्यांच्या चपला शोधल्या. सासऱ्याचा एकच जोड होता.

"मामंजी, कोण आलतं?"

"तुझी सासू," सुबराव म्हणाला, आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

माधवीनं मागची बाजू उभ्यानंच वाचली, परत एकदा वाचली. झोपलेल्या रक्षाकडे आणि बंद मागाकडे बघून तिनं फोन लावला. "आई, रविवारी ये. नुसती जेवायला ये."