साक्ष दुरुस्त केली तो रविवार

आमच्या पाळकसाहेबांनी भर चर्चमध्ये माझी माफी मागितली होती.

आज सकाळी साहेब गेले. म्हणून हे आजच लिहायचं.

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन मला चार महिने झाले होते. जरा हसायला लागले होते. साहेबांना इतका आनंद, की म्हणाले, "पोरी, रविवारी साक्ष दे की!"

आमच्यात नसलेल्यांसाठी सांगते. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं.

मी उठले आणि ठोकून दिलं, प्रार्थनेनं पूर्ण बरी झाले!
गोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

टाळ्या काय, हालेलूया काय. महिला मंडळानं तर मला डोक्यावरच घेतलं.

आता एवढ्या लोकांदेखत बरी झालेली बाई गोळ्या कशी घेणार?
बंद केल्या. डॉक्टरांना न विचारता.

दीड महिन्यात पार कोसळले. शाळेत शिकवायला जाणं बंद, अंघोळ बंद. जगणं नको झालं होतं. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

आईनं साहेबांना शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी बोलावलं. मला वाटलं, आता म्हणणार, तुझा विश्वास कमी पडला.

"गोळ्या कवापासनं बंद हायत?" एवढंच विचारलं.

"साक्ष दिल्यापासून."

मग म्हणाले, "चूक माझी हाय. मी लई घाई केली."

मोडनिंबचा माणूस. बोली शेवटपर्यंत सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या ओपीडीत माझ्या शेजारी बसले, गळ्यातली पांढरी कॉलर तशीच ठेवून. मी म्हटलं, "साहेब, चर्चमधलं कुणी बघितलं तर?"

"बघू दे की. मलाबी बघतील."

काही महिन्यांनी मी सावरले. एका रविवारी ते पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, खाली आले. "ह्या पोरीकडनं मी अर्धी साक्ष घेतली. गोळ्यांचं इचारलंच न्हाय. तिची आन् देवाची माफी मागतो."

चर्चचा कारभार बघणारे एक पंच उठले. "साहेब, अशानं लोकांचा विश्वास ढळेल."

"माझ्यावरचा ढळू दे. देवावरचा न्हाय ढळत."

सगळ्या मंडळीपुढं हात जोडून उभा राहिलेला तो माणूस! माझा पाळक! अभिमानानं ऊर भरून आला होता. आत्ता लिहितानाही येतोय.

मग मी बोलले. "मी गोळ्या घेते. प्रार्थनाही करते. दोन्ही देवानंच दिलं."

एकही टाळी वाजली नाही.

पण उपासना सुटल्यावर चपला घालताना तिघीजणी एकेक करून जवळ आल्या. हळूच विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडं जातेस गं?"

साहेब, आज सकाळी तुमची बातमी आली. तरी आधी गोळी घेतली, मग रडले.

आता निघालेय तुमच्या अंत्यविधीला.
प्रभूजवळ निवांत राहा. तुमच्या ह्या पोरीचा शेवटचा सलाम.