धुरपताबाईंनी मांडलेला रबराचा व्यापार

धुरपताबाई थूल वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या केळझरकडच्या. आई आनंदाबाईने लोकांच्या वावरात निंदण करून लेकीला शिकवलं होतं. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि मान खाली घालून बोलायची धुरपताबाईंची सवय कुठल्या कुठे गेली.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. वर्गात त्यांनी विचारलं, "सायकलच्या टायरचं रबर कुठून येतं?"

"दुकानातून," मुली एका सुरात म्हणाल्या.

त्या क्षणी बाईंनी ठरवलं की स्नेहसंमेलनात आपला वर्ग रबराचा व्यापार दाखवणार. मुख्याध्यापक प्रभाकररावांच्या भुवया वर गेल्या. "लोक टिपऱ्या बघायला येतात, बाई. कुठल्या देशानं किती रबर आणलं, हे कोण बघणार?"

"एकदा करून तर पाहू, सर."

सायकल दुरुस्त करणाऱ्या दौलतरावांकडे निकामी ट्यूबांची रास पडली होती. "न्या ना बाई, फेकाच्याच हायेत," ते म्हणाले. "पण एवढ्याचं करता काय?"

"जग मांडते," बाई म्हणाल्या.

संमेलनाच्या दिवशी पटांगणावर चुन्याच्या फक्कीनं जगाचा नकाशा काढला. मलाया, इंडोनेशिया, सिलोन इथं ट्यूबांचे ढीग. एकेक मुलगी एकेका देशात उभी, बाकीच्या जहाजं झालेल्या. बाईंनी हात वर केला आणि जहाजं निघाली. अमेरिकेतल्या मुलीपुढे ट्यूबा पडू लागल्या त्या थांबेचनात. ढीग तिच्या कमरेपर्यंत आला. मग इंग्लंडचा नंबर. जपानचा ढीग त्याहून लहान. शेवटी एक जहाज हिंदुस्थानात आलं आणि जयवंता नावाच्या मुलीच्या हातात ट्यूबचा कापलेला एक तुकडा ठेवून परत गेलं.

गर्दी हसली. "एवढे गरीब हाओत का आपण?" कोणी तरी मागून म्हणालं.

याचं उत्तर बाईंनी शेवटासाठी ठेवलं होतं, आणि आता कोणी ऐकेल की नाही कोण जाणे. पण जयवंता थांबली नाही. नकाशातल्या केरळात पोत्याखाली आधीच झाकून ठेवलेल्या ट्यूबा तिनं ओढून काढल्या आणि डोक्यावर धरल्या.

"हे आपल्या घरचं रबर! कमी पडलं तेवढंच बाहेरून आणलं. घरी तूर असली तर बाजारातून डाळ कोण आणते?"

हसू थांबलं. धुरपताबाई नकाशाच्या मधोमध गेल्या. त्यांनी इंग्लंडच्या ढिगातल्या काही ट्यूबा मुलींना उचलायला लावून शेजारच्या देशांकडे पाठवल्या. "आलेला माल सगळा तिथंच राहतो असं नाही. काही पुढं विकला जातो. आपल्याकडे मोटारी थोड्या, म्हणून रबरही थोडं लागतं, हेही खरं आहे. पण नुसती आयात पाहून कोणता देश मोठा आणि कोणता लहान, हे ठरवायला जाऊ नका. घरात किती पिकतं आणि दारातून किती बाहेर जातं, तेही बघा."

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि पहिली टाळी प्रभाकररावांची होती. लोक फक्कीच्या रेषेपर्यंत पुढे आले. कोणी सिलोन कुठं ते विचारलं, कोणी जपान. दौलतराव आपल्याच ट्यूबांकडे बोट दाखवून शेजाऱ्यांना अमेरिका समजावू लागले.

"उद्या मुलांच्या शाळेलाही बोलावतो," प्रभाकरराव म्हणाले. "आणि जूनपासून मॅट्रिकचा भूगोल तुम्हीच घ्या, बाई."

फाटकाजवळ बायकांच्या घोळक्यात आनंदाबाई उभ्या होत्या. शाळेच्या आवारात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. शेजारची बाई पुसत होती, "काऊन वो, हे शिकवणारी कोन हाय?"

आनंदाबाईंनी पदर सारखा केला. "माही पोरगी होय ते," त्या म्हणाल्या, साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात.